विंडोज संगणक उशिरा सुरू होणे : निदान व दुरुस्ती

बटण दाबल्यापासून संगणक प्रत्यक्ष कामाला तयार होईपर्यंत वाजवीपेक्षा जास्त वेळ जाणे. तापासारखे हे लक्षण आहे. त्यामागे खराब होत चाललेली हार्ड डिस्क असेल, स्वतःहून उघडणारे डझनभर प्रोग्रॅम असतील, अडून बसलेली एखादी सेवा (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) किंवा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) असेल, नाहीतर मदरबोर्डच्या फर्मवेअरमधले (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, चिपमध्येच बसवलेल्या प्रोग्रॅममधले) एखादे सेटिंग. विंडोज १० किंवा ११ असलेला, एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) चालणारा निरोगी संगणक साधारण १० ते २५ सेकंदांत डेस्कटॉप दाखवतो. हार्ड डिस्कवर त्याच कामाला एक-दोन मिनिटे लागतात आणि डेस्कटॉप दिसल्यावरही डिस्क बराच वेळ खडखडत राहते. दुरुस्तीला हात घालण्याआधी वेळ नेमका कुठे जातो ते शोधावे लागते. ते न करता ‘क्लीनर’ चालवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

टप्पे आणि मोजमाप

पडद्याकडे नीट पाहिले तर टप्पे डोळ्यांना दिसतात. नुसता कंपनीचा लोगो आहे आणि खाली फिरणारे ठिपके अजून आलेले नाहीत, तोवर काम फर्मवेअरच्या हातात असते : रॅम, कीबोर्ड, डिस्क यांची तपासणी चाललेली असते. ठिपके फिरू लागले की विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर चढत असतात, मग सेवा सुरू होतात. पासवर्ड दिल्यानंतर ‘वेलकम’ शब्दाशी चक्र फिरत राहिले तर वेळ वापरकर्त्याचे प्रोफाइल, धोरणे किंवा नेटवर्क यांत जातो आहे. डेस्कटॉप आला पण स्टार्ट मेनू उघडत नाही, ही अवस्था बहुतेक वेळा आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅममुळे किंवा मंद डिस्कमुळे येते. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर या चार टप्प्यांच्या वेळा तीन वेळा टिपल्या तरी अर्धे निदान होते. एकाच मापावर भरवसा ठेवू नये, कारण अपडेटनंतरची पहिली सुरुवात नेहमीच रेंगाळते.

खुद्द विंडोजही ही नोंद ठेवते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स, ऑपरेशनल अशा क्रमाने आत गेले की १०० क्रमांकाच्या नोंदी दिसतात. त्यांच्या तपशिलात दोन आकडे पाहावेत. ‘मेनपाथबूटटाइम’ म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ. ‘बूटपोस्टबूटटाइम’ म्हणजे त्यानंतर यंत्र शांत होईपर्यंतचा. दोन्ही मिलिसेकंदांत असतात, म्हणजे ९५००० हा आकडा ९५ सेकंदांचा. पहिला मोठा असेल तर ड्रायव्हर, सेवा व डिस्क यांच्याकडे वळावे, दुसरा मोठा असेल तर आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमकडे. सोबतच्या १०१ (प्रोग्रॅम), १०२ (ड्रायव्हर), १०३ (सेवा) आणि १०९ (उपकरण) या क्रमांकांच्या नोंदींत उशीर करणाऱ्याचे नावच लिहिलेले असते. फर्मवेअरचा वेळ यात धरलेला नसतो.

फास्ट स्टार्टअपचा पेच

२०१२ साली विंडोज ८ बरोबर फास्ट स्टार्टअप आले आणि निदानात एक नवा गोंधळ शिरला. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज वापरकर्त्याचे सत्र बंद करते, पण गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती हायबरनेशनच्या फाइलमध्ये (यंत्राची स्थिती डिस्कवर जपणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळे मुळापासून चढवते. त्यामुळे आठवडाभर रोज रात्री बंद केलेल्या संगणकात टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर सीपीयूखाली ‘अप टाइम’ सात दिवसांचा दिसतो. तो आकडा खरा असतो. गाभा सात दिवस नव्याने सुरू झालेलाच नसतो.

याचा निदानाला थेट उपयोग होतो. बंद करून चालू केल्यावर उशीर होतो पण रीस्टार्ट झटपट होते, असे असेल तर हायबरनेशनची फाइल किंवा त्या स्थितीतून नीट न उठणारा ड्रायव्हर (बहुधा ग्राफिक्स, वायफाय किंवा स्टोरेजचा) संशयित ठरतो. अशा वेळी कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ येथे जाऊन, वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबल्यावर फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. संगणक दोन दिवस तसाच वापरून पाहावा. फरक पडला तर लॅपटॉप किंवा मदरबोर्डच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर अद्ययावत करून खूण परत घालावी. एकदाच पूर्ण बंद करायचे असेल तर शिफ्ट धरून शट डाउन दाबले की पुरते. दोन्ही प्रकारांत सारखाच उशीर होत असेल, तर ही बाजू सोडून पुढे जावे.

फर्मवेअरमधला उशीर

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसते. यूईएफआय (नव्या प्रकारचे फर्मवेअर) पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रांतच ते मिळते. ५ ते १५ सेकंद सामान्य मानावेत. ३० च्या पुढे गेले की विंडोजमध्ये कितीही खटपट केली तरी हाती काही लागत नाही. पहिली तपासणी सोपी आहे : पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, कार्ड रीडर सगळे काढून चालू करून पाहणे. मग फर्मवेअरमध्ये बूटचा (कोणत्या उपकरणावरून सुरू व्हायचे याचा) क्रम पाहावा. नेटवर्कवरून सुरू होण्याचा पर्याय वर असेल तर यंत्र दर वेळी उत्तर न देणाऱ्या सर्व्हरची वाट पाहत बसते. ‘विंडोज बूट मॅनेजर’ पहिला असला पाहिजे. घड्याळ दर वेळी मागे पडत असेल तर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपला आहे; सेटिंग्ज विसरल्यामुळे यंत्र पुन्हापुन्हा पूर्ण तपासणी करते किंवा कळ दाबायला सांगून थांबते. डीडीआर५ रॅमच्या डेस्कटॉपवर रॅम बदलल्यानंतर किंवा बायोस (म्हणजे फर्मवेअर) अद्ययावत केल्यानंतर पहिल्यांदा पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. रॅमचे वेग जुळवण्याचे ते काम असते, तेव्हा मध्येच वीज बंद करू नये.

जुन्या बायोसप्रमाणे सुरू होऊ देणारी सीएसएम पद्धत बंद केल्याने वेळ वाचतो, पण विंडोज एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर असेल तर यंत्र सुरूच होणार नाही. डिस्क आधी जीपीटीत (विभागणीच्या नव्या पद्धतीत) बदलावी लागते.

डिस्क

उशिराचे सर्वांत मोठे कारण आजही डिस्कच आहे. लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला ९० वेळा फिरते. एका फेरीला ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची सरासरी वाट साडेपाच मिलिसेकंदांची, आणि डोके योग्य मार्गावर सरकायला त्याहून जास्त. हिशेब केला तर विखुरलेल्या छोट्या वाचनांची संख्या सेकंदाला शंभरही भरत नाही. विंडोज सुरू होताना नेमकी अशीच हजारो छोटी वाचने होतात. साधी साटा (डिस्क जोडण्याची जुनी पद्धत) एसएसडी ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा या दुखण्यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. रॅम वाढवण्याने तेवढा फरक पडत नाही. फक्त ४ जीबी रॅम असलेल्या यंत्रात मात्र दोन्ही करावे, कारण रॅम भरली की विंडोज पुन्हा डिस्ककडेच धावते.

डिस्क मंद आहे की आजारी, हे वेगळे करायला हवे. डेस्कटॉप येताच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचे पान उघडावे. ‘ॲक्टिव्ह टाइम’ १०० टक्के असणे एकट्याने काही सांगत नाही. खालचा ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बोलका असतो. हार्ड डिस्कवर तो १० ते ३० मिलिसेकंद, एसएसडीवर एक-दोन मिलिसेकंद असावा. वाचनाचा वेग काही शे केबी आणि प्रतिसाद ५०० किंवा २००० मिलिसेकंद, असे चित्र सारखे दिसत असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या) पाहाव्यात : ०५ (बदललेले सेक्टर), सी५ (बदलण्याच्या वाटेवरचे) आणि सी६ (वाचताच न आलेले) यांपैकी कशातही शून्याहून जास्त आकडा असेल आणि तो वाढत असेल तर डिस्क बदलावी. सी७ वाढत असेल तर डिस्कच्या आधी साटाची केबल बदलून पाहावी. ती स्वस्त असते आणि पुष्कळदा दोष तिचाच निघतो. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम नोंदींत ७, १२९ आणि १५३ हे क्रमांक याच आजाराची साक्ष देतात.

अशा डिस्कवर सर्वप्रथम आपल्या फाइल्सची प्रत काढावी. ‘चेकडिस्क’ हे विंडोजचे डिस्क तपासणारे साधन ‘/आर’ या पर्यायासह चालवण्याची घाई अनेक जण करतात. तो पृष्ठभागाचा प्रत्येक सेक्टर वाचतो, तासन्‌तास चालतो आणि अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला त्यातच संपवू शकतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात भारनियमनामुळे यूपीएस नसलेले संगणक अचानक बंद पडतात. त्यानंतर सुरुवातीला आपोआप होणारी फाइल प्रणालीची तपासणी वेगळी, ती पूर्ण होऊ द्यावी.

नवी एसएसडी घेताना खाच पाहून घ्यावी. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागते. एम.२ खाच असेल तर ती साटा घेते की एनव्हीएमई (त्याहून वेगवान पद्धत), हे मॉडेलच्या माहितीपत्रकात तपासावे. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्याच, पण चुकीची बसवली तर यंत्राला ती दिसतच नाही. क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत) करण्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) तात्पुरते थांबवावे आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. क्लोननंतरची पहिली सुरुवात जुनी डिस्क काढूनच करावी, कारण दोघींची ओळख एकच असते आणि विंडोज त्यांपैकी एक बाजूला टाकते. जुन्या डिस्कवर स्मार्टचे दोष असतील तर क्लोनपेक्षा विंडोज नव्याने टाकलेले बरे.

आपोआप उघडणारे प्रोग्रॅम

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. स्टार्टअप पानावर प्रत्येक नावापुढे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ असतो. सुरू होताना एक सेकंदाहून अधिक सीपीयू किंवा ३ एमबीहून अधिक डिस्कची देवघेव झाली की ‘हाय’. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोहोंच्या आत असेल तर ‘लो’. वेगवान एसएसडीवर ‘हाय’ लिहिलेल्याचाही त्रास जाणवत नाही, म्हणून शब्दापेक्षा आकडे पाहावेत. स्तंभांच्या शीर्षकावर उजवी क्लिक केली की सुरुवातीची डिस्क आणि सीपीयू यांचे स्वतंत्र स्तंभ जोडता येतात. ‘कमांड लाइन’ हा स्तंभही घ्यावा. अनोळखी नावाचा मूळ पत्ता त्यात कळतो.

बंद करायला हरकत नसलेले : चॅट आणि गेमचे लाँचर, ब्राउझरचे पार्श्वभूमीत चालणे, प्रिंटरची शाई दाखवणारी चिन्हे, फोन जोडण्याचे प्रोग्रॅम. ठेवावेत असे : टचपॅड, ध्वनी, अँटिव्हायरस आणि तुम्ही खरोखर वापरता ती क्लाउड साठवण. मराठी टंकनासाठी जुन्या काळी टाकलेला कीबोर्ड प्रोग्रॅम अनेक कार्यालयांत वर्षानुवर्षे आपोआप उघडत असतो. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच आहे आणि इनस्क्रिप्ट तर त्याआधीपासूनच. युनिकोडमध्ये काम असेल तर वेगळ्या प्रोग्रॅमची गरज उरत नाही. डीटीपीच्या दुकानांत जुन्या बिगर-युनिकोड फाँटचे संच हजाराच्या घरात गेलेले असतात. चालू कामाला लागणारे तेवढेच ठेवून बाकीचे फोल्डरमध्ये काढून ठेवावेत.

दोन अँटिव्हायरस एकाच वेळी जागे असणे हा नेहमीचा दोष. बाहेरचा टाकला की विंडोजचा स्वतःचा मागे सरतो, पण बाहेरचे दोन एकमेकांच्या फाइल्स तपासत राहतात. मुदत संपलेला नुसता बंद ठेवू नये, त्याच्या उत्पादकाच्या काढण्याच्या साधनाने मुळासकट काढावा.

सेवा आणि अडकलेली वाट

उशीर अगदी ठरावीक, म्हणजे दर वेळी सुमारे ३० सेकंदांचा असेल, तर कोणीतरी कोणाचीतरी वाट पाहून थकते आहे असे समजावे. सेवेने उत्तर देण्यासाठी विंडोज ३०००० मिलिसेकंद थांबते आणि मग सिस्टिम नोंदींत ७००९ किंवा ७०११ क्रमांक लिहिते. ७०२२ म्हणजे सेवा सुरू होतानाच लटकली. याच प्रकारचे गाजलेले उदाहरण विंडोज ७ मधले : डेस्कटॉपला चित्राऐवजी एकच सपाट रंग दिला की ‘वेलकम’ पडदा ३० सेकंद हलत नसे. मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. आज तसाच अनुभव बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवणाऱ्या नेटवर्क ड्राइव्हमुळे येतो. नको असलेल्या अशा ड्राइव्हची अक्षरे फाइल एक्सप्लोररमधून तोडावीत.

दोषी सेवेचे नाव सापडत नसेल तर ‘क्लीन बूट’ (बाहेरच्या सेवांशिवाय सुरुवात) करतात. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या साधनातल्या सर्व्हिसेस पानावर आधी ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ला खूण करावी आणि मगच उरलेल्या बंद कराव्यात. हा क्रम चुकला तर विंडोजच्या स्वतःच्या सेवाही बंद होतात. वेळ सुधारला तर निम्म्या सेवा परत चालू कराव्यात, पुन्हा मोजावे, दोषी अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ३२ सेवांतून एक शोधायला पाच फेऱ्या पुरतात. दोषी सेवा कामाची असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ करावा. ती बाकीच्यांनंतर दोनेक मिनिटांनी उठते आणि कोणाच्या वाटेत येत नाही.

विंडोजच्या फाइल्स बिघडल्याची शंका असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजच्याच दुरुस्तीच्या साधनांपैकी आधी ‘डिझम’चा रिस्टोअरहेल्थ आणि नंतर ‘एसएफसी’चा स्कॅननाऊ चालवावा. एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती घेते तो साठा डिझम दुरुस्त करते, म्हणून हा क्रम.

टाळण्याजोगे उपाय

एमएसकॉन्फिगमध्ये ‘नंबर ऑफ प्रोसेसर्स’ला खूण करून वेग वाढतो हा समज सर्वत्र पसरलेला आहे. खूण नसताना विंडोज सगळे कोर वापरतेच. खूण केल्याने फक्त मर्यादा घातली जाते. प्रीफेच फोल्डर रिकामा केला की विंडोजने शिकून ठेवलेला वाचनाचा क्रम पुसला जातो आणि पुढच्या काही सुरुवाती आणखी मंद होतात. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने सुरुवातीच्या वेळेत मोजता येईल असा फरक पडत नाही. बिघाड मात्र होऊ शकतो. एसएसडीचे डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइल्स सलग मांडणे) करू नये. विंडोजचे ‘ऑप्टिमाइझ’ तिच्यावर ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणे) चालवते, तेवढे पुरेसे आहे.

एवढे करूनही कारण सापडले नाही तर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर या साधनाने सुरुवातीची पूर्ण नोंद घेता येते. ते यंत्र पुन्हा सुरू करते आणि कोणत्या क्षणी कोणती प्रक्रिया डिस्क, सीपीयू किंवा कुलूप (इतर प्रक्रियांना थांबवून ठेवणारा लॉक) धरून बसली होती हे आलेखावर उलगडते. नोंदीची फाइल काही शे एमबीची होते, म्हणून ती घेण्याआधी डिस्कवर जागा मोकळी ठेवावी.