प्लेसमेंटचा टक्का आणि पाच वर्षांनंतरची कमाई

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात, वेल्डिंग, नर्सिंग किंवा ऑटो मेकॅनिकचा अभ्यासक्रम निवडायला गेलं की दोन प्रकारचे आकडे समोर येतात. इतक्या टक्के विद्यार्थ्यांना काम मिळालं, हा एक. काही वर्षांनी त्यांची कमाई इतकी झाली, हा दुसरा. दोन्ही ‘यशा’चेच आकडे म्हणून शेजारी शेजारी छापले जातात आणि वाचणाराही एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधतो. तो बहुतेक वेळा चुकतो.

प्लेसमेंटचा हिशोब सोपा आहे. २०१८ च्या पर्किन्स कायद्यानुसार तंत्रशिक्षणासाठी केंद्राचा निधी घेणाऱ्या प्रत्येक राज्याला तो द्यावा लागतो. अभ्यासक्रम संपल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत विद्यार्थी नोकरीत आहे का, पुढचं शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतोय का, सैन्यात किंवा राष्ट्रीय सेवा-कार्यक्रमात गेलाय का, एवढंच पाहायचं. मे महिन्यात बाहेर पडलेल्यांची नोंद ऑक्टोबर ते डिसेंबरमधली. आकडा लवकर हाती येतो, हा त्याचा खरा गुण. एखाद्या अभ्यासक्रमाची मुलं डिसेंबरपर्यंत रिकामीच बसली असतील, तर ते कळायला पाच वर्षं थांबायची गरज नाही.

पण कम्युनिटी कॉलेजात येणारा विद्यार्थी बारावी होऊन थेट आलेलाच असतो असं नाही. बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात आणि अनेकजण आधीपासून नोकरी करत असतात. इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम करणारा तिशीतला माणूस संध्याकाळचे वर्ग करतो आणि पुन्हा त्याच मालकाकडे, त्याच पगारावर राहतो. प्लेसमेंटच्या खात्यात तो यशस्वी ठरतो. कॉलेजने त्याच्या आयुष्यात काय बदललं, हा प्रश्न त्या खात्यात विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न कमाईचा मागोवा विचारतो. अमेरिकेत बेकारी विम्यासाठी मालकांना दर तिमाहीला प्रत्येक कामगाराचं वेतन राज्याकडे कळवावं लागतं. कॉलेजच्या नोंदी त्या वेतननोंदींशी जुळवल्या की विद्यार्थ्याला फोन न करताही पुढची कित्येक वर्षं दिसतात. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांनी २०१३ मध्ये ‘सॅलरी सर्फर’ नावाचं साधन खुलं केलं. त्यात पदविका किंवा प्रमाणपत्र मिळण्याच्या दोन वर्षं आधीची, दोन वर्षांनंतरची आणि पाच वर्षांनंतरची मध्यक (बरोबर मधल्या विद्यार्थ्याची) कमाई दिली होती. माझ्या मते यातला सर्वात मोलाचा आकडा ‘आधीचा’ आहे, कारण त्याच्याशिवाय नंतरच्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

तरीही नंतरच्यातून आधीचं वजा केलं की कॉलेजचा वाटा निघाला, असं होत नाही. माणसं पुन्हा शिकायला येतात ती बरेचदा नोकरी गेल्यावर किंवा कामाचे तास कमी झाल्यावर. म्हणजे ‘आधीची’ कमाई मुळातच खाली गेलेली असते आणि ती काही न शिकताही थोडी वर आली असती. अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये प्रशिक्षण कार्यक्रमांत हा खड्डा दाखवून दिला, आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून चांगले अभ्यास एकाच माणसाची अनेक वर्षांची कमाई पाहतात आणि तिची तुलना अभ्यासक्रम अर्धवट सोडलेल्यांशी करतात. स्टीव्हन्स, कुर्लेंडर आणि ग्रोझ यांनी कॅलिफोर्नियाच्या आकडेवारीवर असंच काम केलं. त्यांना प्रमाणपत्र आणि पदविकांमुळे सरासरी १४ ते ४५ टक्के वाढ दिसली, आणि सर्वात मोठी वाढ आरोग्यसेवेच्या अभ्यासक्रमांत होती. रेडिओलॉजी आणि ऑटो मेकॅनिक यांना ‘तंत्रशिक्षण’ या एकाच रकान्यात टाकून सरासरी काढली, तर ती दोघांचीही दिशाभूल करते.

वेतननोंदींतही मोठी भोकं आहेत. स्वतःचं पार्लर चालवणारी बाई, केंद्र सरकारचा नोकर, शेजारच्या राज्यात गेलेला वेल्डर हे त्यात सहसा दिसत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या नोंदीत माणूस कोणतं काम करतो आणि किती तास करतो, तेही नसतं. वॉशिंग्टन राज्यात तास नोंदवले जातात, म्हणून तिथला हिशोब अधिक बोलका असतो. आपण शिकलो त्याच क्षेत्रात काम मिळालं का, हे विचारायला शेवटी विद्यार्थ्यालाच गाठावं लागतं. कॅलिफोर्नियात सांता रोझा ज्युनिअर कॉलेज अनेक कॉलेजांच्या वतीने असं सर्वेक्षण करत आलं आहे.

सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या अनेक मराठी घरांना यातलं एक भोक जवळून माहीत असेल. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, आलेली पत्नी कम्युनिटी कॉलेजात शिकू शकते, पण कामाचा परवाना तिला सरसकट मिळत नाही. मे २०१५ पासून काही जणींना तो मिळू लागला, तोही नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तरच. परवाना नसेल तर वेतननोंद नाही. केंद्राची शिष्यवृत्तीही तिला मिळत नाही, त्यामुळे फक्त अशी मदत घेतलेल्यांची कमाई मोजणाऱ्या ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरही ती नसते. तिने मन लावून केलेला अभ्यासक्रम दोन्ही हिशोबांतून गळून पडतो.

मग प्लेसमेंट टाकूनच द्यावी का? बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पाहिला की मला तसं म्हणवत नाही. कॅलिफोर्नियात परवानाधारक बालवाडीत शिक्षिका व्हायला या विषयाची १२ युनिट्स (श्रेयांक) लागतात. ती पूर्ण केली की काम मिळतं, शिकलेल्याच क्षेत्रात मिळतं, पण पगार तुटपुंजा असतो. प्लेसमेंट पाहिली तर हा अभ्यासक्रम उत्तम, कमाई पाहिली तर नापास. मुलं सांभाळणाऱ्यांना समाज कमी पैसे देतो, तो दोष कॉलेजच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. २०१८ पासून कॅलिफोर्नियात कॉलेजांच्या निधीचा काही भाग निकालांवर ठरतो. त्यात तंत्रशिक्षणाची नऊ युनिट्स पूर्ण करणारा विद्यार्थी मोजला जातो, आणि आपल्या भागात जगण्यापुरतं वेतन वर्षभरात गाठणाराही. भावी बालवाडी शिक्षिकेच्या नऊ युनिट्सचे पैसे कॉलेजला मिळतात, पण पगाराच्या रकान्यात तिच्या नावावर बहुधा काहीच जमा होत नाही.