कोल्हापूर पद्धतीचा बंधारा

नदीच्या पात्रात कातळाच्या पायावर ओळीने खांब उभारून, त्यांमधील गाळ्यांत पावसाळ्यानंतर फळ्या बसवून पाणी अडविणारी सिंचनरचना. या फळ्यांना बरगे म्हणतात. पंचगंगा व तिला मिळणाऱ्या भोगावती, तुळशी, कुंभी आणि कासारी या नद्यांवर असे बंधारे एकाखाली एक आहेत.

या पद्धतीच्या प्रारंभाविषयी एकवाक्यता नाही. लोकप्रिय लेखनात तिचे श्रेय सर्रास राजर्षी शाहू महाराजांना दिले जाते. त्यांनी 1902 मध्ये संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण आखले व पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले, हे खरे. तथापि ते धरण त्यांच्या हयातीत अपुरेच राहिले आणि स्वातंत्र्यानंतर, 1950 च्या दशकात, पूर्णत्वास गेले. कसबा बावड्याजवळील पंचगंगेवरचा बंधारा राजाराम महाराजांच्या नावाने ओळखला जातो. त्यामुळे धोरणाची बैठक शाहूकालीन, मात्र बंधाऱ्यांची बांधणी बहुधा राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (1922–40) व त्यानंतर आकारास आली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. खानदेशातील फड पद्धतीच्या बंधाऱ्यांशी या रचनेचा संबंध जोडणे मात्र कठीण आहे; तेथे पक्का बांध घालून पाणी पाटाने शेतात नेतात, येथे पाणी पात्रातच राहते आणि उपसून घ्यावे लागते.

खांबांना उभ्या खाचा असतात. जुन्या पद्धतीत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा बसवून मधल्या पोकळीत माती ठासून भरीत. पुढे लोखंडी बरगे आले. साधारणतः ऑक्टोबरमध्ये बरगे घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढून घेतात, जेणेकरून पुराबरोबर गाळही वाहून जावा. बरगे काढण्यास उशीर झाल्यास वाहून आलेली झाडे व कचरा गाळ्यांत अडकतो आणि पाण्याला फुगवटा येतो. साठा काठांच्या आतच राहत असल्याने सुपीक जमीन बुडत नाही व विस्थापनाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. शेती राखण्याच्या दृष्टीने या पद्धतीचे हे सर्वांत मोठे बलस्थान होय, जरी कालव्याचा खर्च वाचतो याच कारणासाठी तिची वाखाणणी अधिक होते.

तो खर्च अर्थात नाहीसा होत नाही. पंप, वीज आणि नळवाहिनीच्या रूपाने तो शेतकऱ्याकडे जातो. एकट्याला न पेलणारा हा भार सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी उचलला व नदीकाठापासून दूरच्या माळावरही ऊस पोहोचला. उन्हाळ्यात धरणातून सोडलेले पाणी एकेक बंधारा भरत खाली सरकते; वरच्या भागात उपसा जास्त झाल्यास ते शिरोळ तालुक्यापर्यंत पुरत नाही, म्हणून पाटबंधारे खाते टप्प्याटप्प्याने उपसाबंदी लागू करते.

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी पूरनियंत्रणासाठी प्रमाण मानली जाते. 39 फूट ही इशारा पातळी व 43 फूट ही धोका पातळी आहे.