कार्पल टनेल सिंड्रोमसाठी मॅन्युअल थेरपी

कार्पल टनेल सिंड्रोम या आजारात मनगटात दबल्या जाणाऱ्या मीडियन मज्जातंतूला मोकळे करण्यासाठी फिजिओथेरपिस्ट आपल्या हातांनी जे उपचार करतो, त्यांना एकत्रितपणे मॅन्युअल थेरपी म्हणतात. सौम्य व मध्यम आजारात तिचा उपयोग होतो. पुढे गेलेल्या आजारात मात्र तिच्यावर विसंबून राहिल्यास हाताचे कायमचे नुकसान होऊ शकते.

मनगटाच्या आठ छोट्या हाडांची कमान आणि तिच्यावरचा जाड आडवा अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो, तोच कार्पल टनेल. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन मज्जातंतू त्यातूनच जातात. आत सूज आली की बोगदा रुंदावत नाही, मज्जातंतू चेपला जातो. १९८१ साली गेलबरमन व सहकाऱ्यांनी हा दाब मोजला. निरोगी मनगटात तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा, रुग्णांत ३२, आणि रुग्णाने मनगट वाकवले की ९० च्या वर जात होता. झोपेत मनगट वाकते, म्हणूनच रुग्णाला रात्री मुंग्यांनी जाग येते आणि तो हात झटकत बसतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी मात्र बधिर होत नाही.

तळहात जोरात रगडणे म्हणजे हा उपचार, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. आधीच चिडलेल्या मज्जातंतूवर अंगठ्याने दाब दिला तर त्रास वाढतो. थेरपिस्ट मनगटाची हाडे एकमेकांवर हलकेच सरकवतो, अंगठ्याच्या मुळाशी असलेले आणि कोपराखालचे ताठरलेले स्नायू सैल करतो. यामुळे बोगदा कायमचा रुंद होतो असे मानण्याचे कारण नाही. सर्वांत नाजूक काम मज्जातंतू सरकवण्याचे. मनगट मागे नेताना कोपर वाकवायचे आणि मनगट सैल सोडताना कोपर सरळ करायचे. एका टोकाला ताण येतो तेव्हा दुसरे टोक ढिले होते, त्यामुळे मज्जातंतू न ताणता पुढे-मागे घसरतो. दोन्ही टोके एकदम ताणणारा प्रकारही आहे, पण तो चिडलेल्या हातावर वापरू नये. व्यायाम थांबवल्यावरही मुंग्या रेंगाळत असतील तर मात्रा जास्त झाली आहे.

मीडियन मज्जातंतूची मुळे मानेत असतात, म्हणून कुशल थेरपिस्ट मान, खांदा आणि कोपरही तपासतो. १९७३ साली अप्टन व मॅककोमस यांनी मांडले, की एका जागी दबलेला मज्जातंतू दुसऱ्या जागीही लवकर दुखावतो. ही कल्पना आजही वादग्रस्त आहे, मात्र मान तपासण्याची सवय तिच्यामुळे रुजली.

पुराव्यांबाबत प्रामाणिक राहायला हवे. व्यायाम व हाडे सरकवण्याच्या उपचारांचा २०१२ चा कॉक्रेन आढावा (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा अहवाल) सांगतो, की उपलब्ध अभ्यास छोटे आणि कमकुवत आहेत. त्यानंतर स्पेनमध्ये फर्नांडेझ-दे-लास-पेन्यास व सहकाऱ्यांनी मॅन्युअल थेरपीची शस्त्रक्रियेशी थेट तुलना केली. २०१५ च्या अभ्यासात १२० स्त्रिया होत्या, २०१७ च्या अभ्यासात १००. थेरपी गटाला तीनच सत्रे मिळाली. पहिल्या काही आठवड्यांत या गटाची स्थिती उजवी होती आणि वर्षअखेरीस दोन्ही गट जवळजवळ सारखे होते. निष्कर्ष आशादायक आहे, पण उपचारच न घेतलेला गट यात नव्हता. किती सुधारणा आपोआप झाली असती हे त्यामुळे वेगळे काढता येत नाही, आणि पुरुषांनाही हेच लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही.

मनगट सरळ ठेवणारा रात्रीचा स्प्लिंट या उपचाराला चांगली जोड आहे. गरोदरपणात उद्भवलेला त्रास बहुधा प्रसूतीनंतर ओसरतो, तोवर हे दोन्ही पुरेसे ठरू शकते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह किंवा संधिवात मुळाशी असेल तर आधी त्याकडे लक्ष द्यावे लागते.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट दिसू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा बधिरपणा दिवसरात्र टिकू लागला, तर सत्रे वाढवत न बसता हाताच्या शल्यचिकित्सकाकडे जावे. मनगटाच्या हाडमोडीनंतर अचानक तीव्र वेदना व बधिरपणा आल्यास काही तासांचा उशीरही महागात पडतो. म्हणून थेरपिस्टने प्रत्येक सत्रात रुग्णाचा तळहात वर करून अंगठा छताकडे उचलायला सांगावा, त्यावर हलका दाब देऊन ताकद पाहावी आणि दुसऱ्या हाताशी तुलना करून नोंद ठेवावी.