अक्षरं बदलली तरी आकडा तोच

तारकर्लीला डॉल्फिन बघायला बोटीत बसतो ती माणसं, पाण्यातला डॉल्फिन आणि संध्याकाळी वाडीवरून जाणारी वाघळं, तिघेही सस्तन. तिघांच्याही पेशींत लोह साठवून ठेवायचं काम फेरिटिन नावाचं प्रोटीन करतं. रक्त कमी म्हणून कुडाळला लॅबमध्ये टेस्ट केली की रिपोर्टवर येतं ना, तेच.

फेरिटिन बनवायचा निरोप ज्या आरएनएवर असतो (ए, सी, जी, यू या चार अक्षरांची लांब साखळी) त्याच्या सुरुवातीलाच, म्हणजे प्रोटीनचा मजकूर चालू व्हायच्याही आधी, साधारण 30 अक्षरांचा तुकडा स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा बसलेला असतो. लोह कमी पडलं की एक प्रोटीन येऊन हा आकडा पकडून बसतं, प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमला कामच सुरू करता येत नाही, फेरिटिन बनायचं थांबतं. लोह वाढलं की पकड सुटते. या आकड्यात एखादं अक्षर बिघडलं तरी काय होतं ते 1995 मध्ये युरोपातल्या काही कुटुंबांत दिसलं, अंगात लोह जास्त नाही पण फेरिटिन भरमसाट, आणि तरुणपणीच मोतीबिंदू!

मग असे आणखी आकडे शोधायचे कसे? माणसाचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, सुमारे 300 कोटी अक्षरांचा, हाताने कोण बघणार. आरएनए कसा दुमडेल ते सांगणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम 1981 पासून आहे, पण लोचा असा की कुठलाही आरएनए दिला तरी तो कसातरी दुमडतोच. नुसत्या दुमडण्यावरून काही सिद्ध होत नाही, हे एलेना रिवास आणि शॉन एडी या संशोधकांनी 2000 सालीच दाखवलं.

म्हणून माणूस, उंदीर, गाय, डॉल्फिन यांचा तोच जीन एकाखाली एक मांडतात. आकड्याच्या दांड्यात समोरासमोरची अक्षरं जोडीने चिकटतात, जीला सी आणि एला यू. समजा एका प्राण्यात जी-सी आहे आणि दुसऱ्यात त्याच जागी ए-यू. दोन्ही अक्षरं बदलली पण जोडी शाबूत! एकच बदललं असतं तर दांडा तिथे सुटला किंवा ढिला पडला असता, म्हणजे उत्क्रांतीने आकार जपलाय, अक्षरं नाही. उलट सगळ्यांत अक्षरं हुबेहूब सारखीच असतील तर मला तरी त्यातून आकाराबद्दल फारसं काही कळत नाही, ती दुसऱ्या कारणानेही टिकलेली असू शकतात. आरएनएझेड (2005) आणि इव्होफोल्ड (2006) हे प्रोग्रॅम अशाच मांडणीवर चालतात, त्यांनी हजारो जागा काढून दिल्या, त्यात फुसक्याही बऱ्याच.

मांडणी एका अक्षराने सरकली तरी खोट्या जोड्या दिसायला लागतात, शिवाय जवळच्या नात्यातल्या प्राण्यांत पूर्वजाकडून आलेला एकच बदल सगळीकडे दिसतो आणि तो अनेकदा मोजला जातो ते वेगळंच. रिवास, एडी मंडळींनी 2017 मध्ये ही नाती हिशोबात धरून परत तपासलं तर हॉटएअर नावाच्या गाजलेल्या आरएनएच्या रचनेला जोड्यांचा पुरावा मिळालाच नाही. त्यामुळे अमुक जीनमध्ये नवीन रचना सापडली असं कुठे वाचलं की मी आधी जोड्या बदलल्यात का तेवढं शोधतो, आकृती कितीही सुंदर असू दे.