पार्श्वभूमी : मराठवाड्यातल्या ध्वनिमुद्रित आठवणी आणि त्यांचा पुनर्वापर

लोकांच्या आठवणी मुलाखतींतून नोंदवून अभ्यासासाठी जपण्याचे काम न्यूयॉर्कच्या एका विद्यापीठात रीतसर सुरू झाले ते १९४८ साली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा ज्याच्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाने भारतापुढे शरणागती पत्करली. मराठवाड्यात त्या काळाच्या आठवणी मोठ्या प्रमाणावर कागदावर आल्या त्या मात्र संशोधनासाठी नव्हे, तर पेन्शनसाठी. १९७२ साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना आली. तुरुंगात किती दिवस होतो, भूमिगत कधी झालो, निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या सरहद्दीवरच्या कोणत्या कॅम्पात होतो, हे पुराव्यासह मांडावे लागले. पुढच्या कित्येक मुलाखतींत हकिकत याच क्रमाने येते. कॅम्पावर भाकरी आणि निरोप पोचवणाऱ्या बायकांकडे तुरुंगाचा दाखला नव्हता, म्हणून त्यांना फार उशिरा विचारले गेले.

टेपरेकॉर्डर अभ्यासकांच्या हाती सहज आला तो ऐंशी-नव्वदच्या दशकांत. बहात्तरचा दुष्काळ आणि खडी फोडण्याची कामे, नामांतराचा लढा, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप असे विषय पीएचडी-एमफिलसाठी घेतले गेले. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपते. सांगणारा ऐन रंगात आला की खट्ट आवाज व्हायचा. बाजू उलटून पुन्हा सुरू करेपर्यंत तो भलतीकडेच गेलेला असायचा. मग संशोधक ते वहीत उतरवून घ्यायचा तेव्हा ‘व्हतं’चे ‘होते’ व्हायचे, आणि ओसरीवर बोलणाऱ्या नवऱ्याला आतून ‘आवो, तसं नव्हतं ते’ म्हणणारी बाई गळून जायची. टेपवर ती आहे, प्रबंधात नाही. जुनी मुद्रणे पुन्हा ऐकायला हवीत याचे माझ्या मते सगळ्यात मोठे कारण हेच.

प्रबंधाची डिजिटल प्रत जमा करून ती सर्वांना खुली ठेवण्याचा नियम २००९ साली आला. त्यात मूळ ध्वनिमुद्रणे जमा करण्याची सक्ती नव्हती. परिणाम विचित्र झाला. परिशिष्टातली ‘मुलाखत : नाव, वय, गाव, दिनांक’ ही यादी कुणालाही घरबसल्या वाचता येते. ज्या आवाजावर ती उभी आहे तो आवाज मात्र कुणाच्या तरी कपाटात बुरशी धरतो, नाही तर जुन्या मोबाइलबरोबर भंगारात जातो. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, २०२२-२३ मध्ये, मोबाइलवरच्या मुलाखतींना ऊत आला. व्हॉट्सॲपवरून फिरताना आकसलेले ते व्हिडिओ कुणी, कधी, कुठे घेतले याची साधी नोंदही बहुतेकांबरोबर नाही.

खरा पेच संमतीचा आहे. जुन्या मुलाखतींना लेखी संमतीपत्र क्वचितच असे. चहा झाला, ओळखीच्या गुरुजींनी शब्द टाकला, की सांगणारा बोलू लागायचा. ती संमती समोरच्या पोरासाठी आणि त्याच्या पुस्तकासाठी होती. ती आज अनोळखी अभ्यासकाला लागू धरायची का?

एक गट म्हणतो, माणसाने बोलून दिले ते समाजाला दिले. दुसरा गट म्हणतो, विचारल्याशिवाय हात लावू नका, आणि विचारायला माणूस उरला नसेल तर फीत बंदच ठेवा. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, काळाबद्दल बोलताना हा वाद सर्वांत टोकदार होतो. सांगणारा रझाकारांच्या जुलमाविषयी मोकळेपणाने बोलतो. पोलीस ॲक्शननंतरच्या (निजामाला शरण आणणाऱ्या भारतीय लष्करी कारवाईनंतरच्या) आठवड्यांत गावातल्या मुसलमानांचे काय झाले, इथे आला की आवाज खाली जातो आणि वाक्य येते, ‘हे लिहू नका.’ संशोधक शब्द पाळतो, प्रबंधात ते येत नाही. पण यंत्र चालूच असते. उस्मानाबाद आणि नांदेड या जिल्ह्यांतल्या त्या हत्यांविषयीचा सरकारी पाहणीचा अहवालही अनेक दशके दडवलेला होता. २०१३ च्या सुमारास तो अभ्यासकांना पाहता आला. म्हणजे कागद गप्प होता त्या काळात त्या दबलेल्या आवाजातच पुरावा शिल्लक होता.

तो भाग कापून उरलेली मुलाखत खुली करावी, असे काही जण सुचवतात. नुसते नाव झाकून भागत नाही, कारण गावाचे नाव, वाडा आणि विहीर एवढ्यावरून तालुक्यातला कुणीही माणूस ओळखतो. तरीही कापणे मला पटत नाही. एकदा पुसले की पुसले. मूळ मुद्रण अखंड ठेवावे, तेवढा भाग ठरावीक वर्षे बंद ठेवावा आणि त्या जागी तो का बंद आहे याची नोंद असावी. नाही तर पुढचा अभ्यासक समजेल की तिथे काही बोललेच गेले नव्हते. घरच्यांना ऐकवून विचारणे शक्य असेल तिथे ते आधी व्हावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखन यांना सवलत आहे. अट अशी की त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत कोणताही निर्णय घेतला जाऊ नये आणि ठरवून दिलेले निकष पाळावेत. इथे शेतीचा मुद्दा आडवा येतो. मराठवाड्यात कूळ-जमिनीचे दावे आजही १९५० च्या हैदराबाद कूळकायद्याखाली चालतात. दुष्काळाची आठवण सांगताना कुणी सहज म्हणून जातो, ‘ते रान आम्ही बटईनं करत होतो.’ तीच फीत उद्या भावकीच्या भांडणात कुणी वकिलापुढे ठेवू शकतो.

आता तर यंत्रच मराठी बोलणे लिहून देते. त्यामुळे असे वाक्य शेकडो तासांच्या मुद्रणातून काही सेकंदांत शोधता येते. पूर्वी ते सापडायला कुणाला तरी सगळे तास बसून ऐकावे लागत. संमती देणाऱ्याच्या मनात तेव्हा एवढाच ऐकणारा होता. दख्खनी-उर्दू मिसळलेली बोली मात्र ही यंत्रे बऱ्याचदा चुकीची उतरवतात, म्हणून यंत्राचा मजकूर अभ्यासकांना देताना सोबत मूळ आवाजही द्यावा लागतो. आवाज दिला की ओळख झाकता येत नाही. नव्या मुलाखतींच्या संमतीपत्रात आवाज, मजकूर आणि यंत्राने शोध यांची परवानगी वेगवेगळी विचारायला सुरुवात व्हायला हवी होती ती कालच. १९४८ साली पंधरा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीपार आहे.