सेल: रिकाम्या खोलीचा शब्द

टॉर्चला आपण 'बॅटरी' म्हणतो आणि तिच्यात घालतो ते 'सेल'. यातलं सेल तरी शास्त्राला धरून आहे. वीज देणारा एक घटक म्हणजे सेल, असे अनेक जोडले की बॅटरी. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत साधारण २ व्होल्टचे ६ सेल असतात. (दिवाळीतला सवलतीचा सेल वेगळा. तो 'विक्री' या अर्थाच्या जुन्या शब्दातून आला, नुसता उच्चार जुळला.)

मूळ लॅटिन शब्द 'केल्ला', म्हणजे लहान खोली. धान्य-तेलाची कोठी, देवळाचा गाभारा, पुढे मठातली साधूची खोली आणि तुरुंगातली कोठडी. पोळ्यातल्या मधाच्या घरालाही रोमन लोक हाच शब्द वापरत.

तो जीवशास्त्रात आणला रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने, १६६५ साली. धारदार चाकूने बुचाचा (म्हणजे झाडाच्या सालीचा) अगदी पातळ काप काढून त्याने तो काळ्या पट्टीवर ठेवला, कारण बूच फिकट; आणि भिंगातून त्यावर उजेड टाकला. सूक्ष्मदर्शकातून दिसली हवेने भरलेली घरं. एका इंचाच्या अठराव्या भागात साठ, म्हणजे इंचाला १,०८०. घनइंचाला त्याने १,२५,९७,१२,००० असा आकडा काढला. बूच हलकं का आणि दाबलं की दबतं का, याचं उत्तर त्याला या हवेतच मिळालं. साधूंच्या खोल्या आठवून त्याने हे नाव दिलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्याने स्वतः तुलना केली ती मधाच्या पोळ्याशी.

गोम अशी की बुचातल्या पेशी मेलेल्या असतात. हूकने नाव दिलं ते मागे उरलेल्या भिंतींना. प्राण्यांच्या पेशींना तर अशी भिंतच नसते. १८६१ मध्ये माक्स शुल्त्से या जर्मन शास्त्रज्ञाने पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, असं ठामपणे मांडलं, तोवर 'खोली' हे नाव पक्कं रुजलं होतं. हिंदीतली 'कोशिका' त्याच वळणाची, कोश म्हणजे आवरण. मराठीने घेतलेला 'पेशी' हा शब्द मात्र संस्कृतात मांसाच्या गोळ्याचा. मला तो जास्त नेमका वाटतो.

विजेचा सेलही खोलीतूनच आला. इटलीच्या व्होल्टाने १८०० साली धातूच्या चकत्या आणि ओलं कापड एकावर एक रचून वीज देणारी चळत केली; तिच्यात वरच्या चकत्यांच्या वजनाने ओल्या कापडातलं खारं पाणी पिळून बाहेर येई. म्हणून क्रुकशँक या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने लाकडी पेटी आडवी ठेवून तिच्यात जस्त-तांब्याच्या जोडपट्ट्यांचे आडोसे बसवले आणि मधले कप्पे द्रावाने भरले. असा एक कप्पा म्हणजे एक सेल. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जस्ताचा डबाच झिजत वीज देतो. नव्या सेलसोबत जुना घातला की नवा त्या संपलेल्यातूनही प्रवाह ढकलत राहतो; जस्त आणखी झिजून भोक पडतं, द्राव पाझरतो आणि स्प्रिंग गंजते. बदलायचे तर सगळे एकदम.

सेलफोनमधल्या सेलने तर पुन्हा पोळंच गाठलं. १९४७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकन टेलिफोन-संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंगने शहराचे षटकोनी भाग पाडायची कल्पना मांडली. वर्तुळं शेजारी ठेवली तर मध्ये फटी राहतात, षटकोनात नाहीत. शेजारच्या भागांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी द्यायच्या, पुरेशा लांबच्या भागात त्याच पुन्हा वापरायच्या. प्रत्यक्षात इमारती आणि टेकड्या हे षटकोन वेडेवाकडे करून टाकतात. चालत्या गाडीत फोन एका सेलमधून दुसऱ्यात जाताना तिथे मोकळी फ्रिक्वेन्सी नसली, की बोलणं मध्येच तुटतं.