'बगदाद कॅफे'च्या आधी : पर्सी आडलॉनचा विनोद कुठून आला?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम जर्मनीच्या सिनेमाकडून हसण्याची अपेक्षा कुणी करत नव्हतं. २८ फेब्रुवारी १९६२ रोजी ओबरहाउझनच्या लघुपट महोत्सवात २६ तरुणांनी 'जुना सिनेमा मेला आहे' असा जाहीरनामा काढला आणि पुढची वीस वर्षं नव्या सिनेमाने युद्धाचं ओझं, बापांचं मौन, घराघरातली हिंसा असे विषय उकरून काढले. आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांच्या प्रेक्षकांना जर्मन सिनेमा म्हटलं की फासबिंडर, हेरझोग, वेंडर्स हीच नावं आठवतात, ती यामुळेच. विनोद नव्हता असं नाही. तो दुसऱ्या गल्लीत राहत होता. १९५० च्या दशकात डोंगर, कुरणं आणि गोड शेवट असलेले 'हाइमाट' चित्रपट चालले. १९७० च्या दशकात चामडी चड्ड्यांतले बव्हेरियन (म्हणजे म्यूनिकभोवतालच्या दक्षिण जर्मन प्रांतातले) गडी आणि गवताच्या गंजी असा स्वस्त, चावट माल थिएटरांत भरून वाहिला. त्यामुळे स्वतःला कलावंत म्हणवणारा दिग्दर्शक विनोदापासून लांब राहायचा आणि बव्हेरियाच्या वेशभूषेपासून तर त्याहून लांब.

१९८२ च्या जूनमध्ये फासबिंडर गेला, अवघ्या ३७ व्या वर्षी. त्यानंतर तीन वर्षांत, १९८५ मध्ये, म्यूनिकमधून दोन विनोदी चित्रपट आले. डोरिस ड्योरीचा 'मेनर' तुफान चालला, लाखो लोकांनी पाहिला. दुसरा होता पर्सी आडलॉनचा 'त्सुकरबेबी', म्हणजे साखरेची बाहुली म्हणा. त्याची गर्दी लहान होती, पण दोन वर्षांनी याच माणसाने याच नायिकेला घेऊन 'आउट ऑफ रोझेनहाइम' केला. रोझेनहाइम हे बव्हेरियातलं गाव. तो जगभर 'बगदाद कॅफे' म्हणून ओळखला जातो.

या चित्रपटांना समीक्षकांनी 'तऱ्हेवाईक' हे लेबल लावलं आणि ते चिकटलं. गुलाबी-हिरव्या प्रकाशात न्हालेली खोली, तिरका कॅमेरा, वाळवंटात ट्रॉली बॅग ओढणारी जाडजूड बव्हेरियन बाई : लेबल लावायला सामग्री भरपूर आहे. पण मला तऱ्हेवाईकपणा हे यांचं वरचं कातडं वाटतं. आत एकच माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. दुसऱ्याची उस्तवार करणारं, कुणाचं लक्ष नसलेलं माणूस. आणि तो विनोदी चित्रपटांच्या बराच आधीपासून आडलॉनच्या कामात आहे.

त्याचं पाळण्यातलं नाव पाउल रुडोल्फ पार्सिफाल. जन्म १ जून १९३५, म्यूनिक. वडील रुडोल्फ लाउबेनथाल हे वाग्नरचे ऑपेरा गाणारे नामांकित गायक, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातही गाजलेले, म्हणून पार्सिफाल, वाग्नरच्याच एका ऑपेराचं नाव. आई झुझाने बर्लिनच्या आडलॉन घराण्यातली. तिच्या आजोबांनी, लोरेन्झ आडलॉन यांनी, १९०७ मध्ये ब्रांडेनबुर्ग दरवाजाजवळ हॉटेल आडलॉन उघडलं. सम्राट, मुत्सद्दी, नट, बँकवाले सगळे तिथे उतरत. १९४५ च्या मे महिन्यात ते जळालं. पर्सी मात्र वाढला बर्लिनपासून खूप दूर, बव्हेरियाच्या ग्रामीण भागात, आईजवळ. म्हणजे वारसा पंचतारांकित आणि बालपण गावातलं. पाहुण्याची सरबराई हा ज्या घराचा धंदा, त्या घरातल्या मुलाने पुढे आयुष्यभर सरबराई करणाऱ्यांच्याच गोष्टी सांगाव्यात, यावर फार मानसशास्त्र रचायला नको. पण नजरेआडही करता येत नाही.

म्यूनिकच्या विद्यापीठात त्याने कलेचा इतिहास, नाट्यशास्त्र आणि जर्मन साहित्य घेतलं, सोबत अभिनय आणि गाण्याचे धडे. थोडा काळ नट झाला. मग रेडिओ : निवेदन करायचं, साहित्यविषयक कार्यक्रमांचं संपादन करायचं. १९७० मध्ये त्याने बायेरिशर रुंडफुंक या बव्हेरियाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेसाठी पहिला छोटा माहितीपट केला आणि पुढच्या काळात टीव्हीसाठी दीडशेच्या आसपास माहितीपट केले. कलावंतांवर, साध्या माणसांवर, त्यांच्या कामावर. त्या काळात जर्मन दिग्दर्शक फिल्म स्कूलमधून किंवा रंगभूमीवरून येत. हा आला टीव्हीच्या संथ, रोजच्या कामातून. माणूस बोलायचा थांबला तरी कॅमेरा थांबू द्यायचा नाही, ही सवय तिथली असावी.

यंत्रणाही अनुकूल होती. १९७४ मध्ये चित्रपटांना अनुदान देणारी संघराज्याची संस्था आणि सार्वजनिक टीव्ही वाहिन्या यांच्यात करार झाला : वाहिन्यांनी चित्रपटांच्या निर्मितीत पैसे घालायचे, चित्रपट आधी थिएटरात चालायचा आणि मग टीव्हीवर दाखवायचा. त्यामुळे छोट्या, विक्षिप्त, बाजाराला न पटणाऱ्या कल्पनांनाही दार उघडं राहिलं. आडलॉनने पत्नी एलेओनोरेसोबत 'पेलेमेले' ही निर्मितीसंस्था काढली. दोघांनी मिळून लिहायचं, दोघांनी मिळून पैसा उभा करायचा. पुढच्या बहुतेक चित्रपटांवर तिचंही नाव आहे, आणि त्याच्या चित्रपटांतल्या बायका इतक्या सरळ उभ्या का राहतात याचं थोडं श्रेय तिच्याकडे जायला हवं.

पहिला मोठा चित्रपट १९७८ चा. स्विस लेखक रोबेर्ट वाल्झर आयुष्याची शेवटची अनेक वर्षं हेरिसाउच्या मनोरुग्णालयात होता. पुढे त्याचा पालक झालेला कार्ल झेलिश नावाचा गृहस्थ त्याला नेमाने भेटायला जाई, दोघे मैलोन्‌मैल चालत. चित्रपट या पालकाचा आणि त्याच्या कवीचा. १९८१ चा 'सेलेस्ट' फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तच्या घरातला, पण प्रूस्तचा नव्हे. तो आहे त्याच्या घर सांभाळणाऱ्या सेलेस्ट आल्बारेचा. बुचाच्या लाकडाने मढवलेल्या खोलीत प्रूस्त दिवसा झोपतो, रात्री लिहितो. सेलेस्ट स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून घंटेची वाट बघते. बराच चित्रपट म्हणजे ही वाट बघणं. एफा मात्तेसचा चेहरा, घड्याळ, हवी तशीच लागणारी कॉफी. मग १९८२ चा 'शेवटचे पाच दिवस'. नाझी राजवटीविरुद्ध म्यूनिकच्या विद्यापीठात पत्रकं वाटणाऱ्या सोफी शोलला १८ फेब्रुवारी १९४३ रोजी पकडलं आणि २२ तारखेला तिचा शिरच्छेद झाला. आडलॉनने विद्यापीठ दाखवलं नाही, पत्रकं उडताना दाखवली नाहीत. त्याने कोठडी दाखवली, आणि तीही सोफीसोबत ठेवलेल्या एल्झे गेबेल या कैदी बाईच्या नजरेतून. त्याच वर्षी मिखाएल फेरहोफेनचा याच विषयावरचा मोठा चित्रपट आला. दोन्हींत सोफी झाली लेना श्टोल्झे. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर आडलॉनची नजर कुठे जाते ते लख्ख दिसतं. इतिहास घडवणाऱ्यापेक्षा तिच्या शेजारी बसलेल्या बाईकडे.

इथवर विनोद कुठेच नाही. तो आला मारियाने झेगेब्रेश्टसोबत.

झेगेब्रेश्ट १९४५ ची, श्टार्नबेर्गची. आडलॉन ज्या भागात वाढला, तिथलीच म्हणायला हरकत नाही. म्यूनिकच्या श्वाबिंग भागात तिने कलावंतांचा अड्डा चालवला आणि १९७७ च्या सुमारास 'ओपेरा कुरियोझा' नावाचा कॅबरे उभा केला. त्यात धंदेवाईक नट थोडे, हौशे-गौशे जास्त. म्यूनिकला या असल्या खेळाची जुनी परंपरा आहे. कार्ल फालेन्टिन हा काटकुळा विनोदवीर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथल्या बिअरच्या दालनांत साध्या वाक्यांचा भुगा करून लोकांना हसवत असे आणि नाटककार ब्रेश्टसारखा माणूस त्याला गुरू मानत असे. बर्लिनचा विनोद चटपटीत, तोंडावर फेकलेला. म्यूनिकचा मठ्ठ चेहऱ्याचा. माणूस एका क्षुल्लक गोष्टीपाशी अडतो आणि तिथून हलतच नाही. आडलॉनच्या विनोदाची जात हीच.

त्याने झेगेब्रेश्टला रंगमंचावर पाहिलं आणि १९७९ च्या 'हेर किशोट' या टीव्हीपटात सांचो पांझाची बायको केलं. सांचोची बायको! डॉन किहोटेच्या सेवकाची घरी राहिलेली बायको. पुढे 'शाउकेल'मध्ये एक छोटी भूमिका. आणि मग 'त्सुकरबेबी' पूर्ण तिच्यावर रचला.

गोष्ट दोन ओळींची. अंत्यविधी करणाऱ्या संस्थेत प्रेतांना आंघोळ घालून कपडे चढवणारी एक एकटी, लठ्ठ बाई. एके दिवशी भुयारी रेल्वेत तिच्या कानावर चालकाचा आवाज पडतो आणि ती ठरवते, हा हवा. मग ती रजा काढते, चालकांच्या पाळ्यांची वेळापत्रकं शोधते, फलाटांवर तासन्‌तास उभी राहते, एखादा हिशेबनीस ताळेबंद जुळवतो त्या चिकाटीने. शेवटी तो बारीक, देखणा, लग्न झालेला पोरगा तिच्या घरी येतो. ती त्याला खाऊ घालते, न्हाऊ घालते. इथे प्रेक्षकाला हसू येतं, पण जाड बाईला हसायची सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. योहाना हेअरचा कॅमेरा निऑनच्या रंगांत डुलत राहतो, जणू खोलीलाच चढली आहे. चिकाटी विनोदी आहे, शरीर नाही. १९८५ मध्ये, आणि आजही, हा फरक फार थोड्यांना जमतो. अमेरिकेत १९८९ मध्ये याची टीव्हीसाठी 'बेबीकेक्स' नावाने गोड आवृत्ती निघाली, रिकी लेकला घेऊन. मूळचं प्रेताचं गारपण आणि रंगांची नशा त्या पाकात उतरणं अवघडच होतं.

'आउट ऑफ रोझेनहाइम' हा सगळ्या धाग्यांची गाठ. अमेरिकेतल्या मोहावे वाळवंटात नवऱ्याशी भांडून जास्मिन म्युन्शग्श्टेटनर गाडीतून उतरते, लोडेन या जाड लोकरी कापडाच्या हिरवट, कडक सूटमध्ये, टोपीसकट. घाईत बॅग नवऱ्याची घेते, त्यामुळे आत सगळे पुरुषी कपडे आणि चामडी चड्डी. १९७० च्या चावट चित्रपटांनी नासवलेला वेश आडलॉन असा परत आणतो, तोही एका घामाघूम, अवघडलेल्या बाईच्या अंगावर. ती एका मोडकळीला आलेल्या कॅफे-मोटेलपाशी पोचते. मालकीण ब्रेंडाने, म्हणजे सीसीएच पाउंडरने, नुकतंच आपल्या नवऱ्याला हाकललेलं. कॅफेत कॉफीयंत्रच बंद. ब्रेंडाला ही परदेशी बाई संशयास्पद वाटते, ती शेरीफला बोलावते. जास्मिन काय करते? ब्रेंडाचं ऑफिस घासूनपुसून लख्ख करते, न विचारता. ब्रेंडा संतापते, आणि रास्त संतापते. गोऱ्या बाईने काळ्या बाईच्या घरात येऊन साफसफाईतून उद्धार करावा, हा अर्थ आज पाहताना टोचतो, आणि चित्रपट त्यातून पूर्ण सुटत नाही. पाउंडरचा राग खरा आहे म्हणून तो तगतो.

मग जादूच्या प्रयोगांचा डबा, ट्रकवाल्यांची गर्दी, ब्रेंडाच्या मुलाचं पियानोवर बाख घोटणं, हॉलिवूडचे पडदे रंगवून निवृत्त झालेला चित्रकार रूडी. जॅक पॅलन्स हा वेस्टर्नमधला नामांकित खलनायक इथे डोक्याला रुमाल बांधून लाजत चित्रं काढतो. सगळं जुळून आल्यावर गोंदणं काढणारी डेबी सामान बांधून निघते. कारण विचारलं तर म्हणते, इथे सुख जरा जास्तच झालंय. आडलॉनने स्वतःच्या गोडव्यावर स्वतःच मारलेली ही चापट मला सगळ्यात आवडते. आणि शेवटी रूडी लग्नाचं विचारतो तेव्हा जास्मिनचं उत्तर : ब्रेंडाशी बोलून बघते.

बॉब टेलसनचं, जेव्हेटा स्टीलने गायलेलं 'कॉलिंग यू' ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं. फ्रान्समध्ये चित्रपटाला परदेशी चित्रपटाचा सेझार पुरस्कार मिळाला आणि तिथे तो इतका रुजला, की कॅलिफोर्नियात रूट ६६ महामार्गावरच्या न्यूबेरी स्प्रिंग्ज गावी जिथे चित्रीकरण झालं, त्या कॅफेने पुढे आपलं नाव बदलून 'बगदाद कॅफे'च केलं. फ्रेंच पर्यटक बसने येऊ लागले. १९९० मध्ये अमेरिकन वाहिनीने वूपी गोल्डबर्ग आणि जीन स्टेपलटनना घेऊन मालिका काढली. ती फार टिकली नाही.

१९८९ चा 'रोझाली गोज शॉपिंग' त्या मानाने कमी बोलला जातो, आणि माझ्या मते तो सगळ्यात खट्याळ आहे. अमेरिकन माणसाशी लग्न करून आलेली बव्हेरियन रोझाली, पिकांवर औषध फवारणारा वैमानिक नवरा, सात पोरं, आणि गाव कोणतं, तर अर्कान्सासमधलं स्टुटगार्ट! ते खरोखर आहे. जर्मन स्थलांतरितांनी वसवलेलं, भातशेतीसाठी प्रसिद्ध. रोझाली ढीगभर क्रेडिट कार्डांवर घर चालवते, एक उधारी दुसरीने फेडते, कबुलीसाठी चर्चात जाते आणि पुन्हा खरेदीला निघते. कर्ज छोटं असलं की झोप तुमची उडते, प्रचंड झालं की बँकेची, हा तिचा शोध. इथेही उस्तवारच, फक्त खर्च बँकेचा. कान महोत्सवाच्या स्पर्धेत चित्रपट गेला, पण लोकांना 'बगदाद'ची ऊब हवी होती आणि हा जरा लबाड निघाला.

यानंतर झेगेब्रेश्टसोबतचं पर्व संपलं आणि विनोदही पातळ झाला. १९९१ च्या 'सॅमनबेरीज'मध्ये गायिका के. डी. लँग अलास्कातल्या कॉट्झब्यूच्या बर्फात भटकते. तो चित्रपट सुंदर आहे, हसरा नाही. मॉन्ट्रियलला त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९९३ च्या 'यंगर अँड यंगर'मध्ये डोनाल्ड सदरलँड असूनही गाडी रुळावर आली नाही. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आडलॉनकडे एव्हाना म्यूनिकचं ते मठ्ठ, अडून बसलेलं वळण उरलं नव्हतं, असं मला वाटतं. परका माणूस अमेरिकेकडे पाहतो तोवर गंमत होती. १० मार्च २०२४ रोजी तो तिथेच, पॅसिफिक पॅलिसेड्समध्ये वारला.

त्याआधी २०१० मध्ये मुलगा फेलिक्ससोबत त्याने एक शेवटचा खेळ केला : 'माहलर आउफ डेअर काउच', म्हणजे कोचावरचा माहलर. संगीतकार गुस्ताव माहलर बायकोच्या प्रेमप्रकरणाने हादरून १९१० मध्ये हॉलंडमधल्या लायडनला मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडला भेटला होता. दोघे काही तास गावातून चालत बोलले. वाल्झर आणि झेलिशच्या त्या चालण्यासारखंच, फक्त या वेळी शेजारी चालणारा माणूस जास्त प्रसिद्ध. भेट खरी, आणि तिचा शेवट आडलॉनलाही याहून बरा सुचला नसता : वर्षभराच्या आत माहलर वारला, आणि फ्रॉइडने त्या फेरफटक्याचं बिल त्याच्या वारसांकडे पाठवलं.